पुढच्या फेरीची मंजुरी

धडगाव, ४ ऑगस्ट १९६९

ती. नवलसिंगदादा यांस, धाकट्या दलसिंगचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी खुशाल आहे. फुलवंतावहिनींची तब्येत कळवावी. कचेरीत पेपर येतो. माणसं चंद्रावर उतरली, आता पुढच्या फेऱ्यांना पैसा द्यावा की नको, असा तिकडे अमेरिकेत वाद चालू आहे. एकदा पोचलो, पुरे झालं, असं काही जण म्हणतात. साहेबांनी हे मोठ्यानं वाचलं आणि हसून म्हणाले, आपल्या घाटरस्त्याचंही तसंच. मोलगीच्या रस्त्याला पुढची मंजुरी आली नाही. मे महिन्यात मी अहवालात लिहिलं होतं, जीप मोलगीस पोचली. तेवढ्यावरून वरच्यांनी रस्ता झाला असं धरलं. कार्तिकात वहिनींना बाळंतपणासाठी जीपनं दवाखान्यात आणण्याचा शब्द मी दिला आहे. काळजीनं जेवण जात नाही.

आपल्या मायेचा,
दलसिंग

मोलगी, १७ ऑगस्ट

चि. दलसिंगास आशीर्वाद.

माझं अक्षर चौथीपर्यंतचं, सांभाळून घे. शेवटचे दोन मैल आम्ही साठ जणांनी जीप बांबूंवर उचलून आणली. तू छत्री धरून माणसं मोजत होतास. आणि लिहिलंस काय, तर पोचली! जीपला पाय होते काय रे? फुलवंता म्हणते, भाऊजी पक्के कारकून झाले. तिचे पाय फार सुजतात. चंद्राचं तिकडचे बघतील, तू साहेबाला खरं काय ते लिहून दे.

माया आहेच.
नवलसिंग

धडगाव, ९ ऑक्टोबर

ती. दादांस शि. सा. नमस्कार.

खरा अहवाल चार वेळा स्वच्छ लिहून काढला. साहेब म्हणाले, हा खरा तर आधीचा खोटा, आणि खोटं लिहिणाऱ्याला नोकरीत कायम कसं करू? दिवाळीनंतर मला कायम करणार आहेत. तोवर कागद पेटीत ठेवला आहे. हुकूम हाती आला की लगेच देतो. वहिनींना धीर द्यावा. राग नसावा, ही विनंती.

दलसिंग

मोलगी, २७ नोव्हेंबर

चि. दलसिंगास आशीर्वाद.

तू कायम झालास, हे तुझ्या कचेरीतल्या जालमसिंगानं बाजारात सांगितलं. मी पाड्यावर सर्वांना कळवलं. शाळेतले गुरुजी सांगत होते, चंद्रावर दुसरी फेरीही उतरली. त्यांना मंजुरी मिळाली म्हणायची.

सोमवारी पहाटे फुलवंताला झोळीत घालून आम्ही धडगावकडे निघालो. वाटेतच मुलगी झाली. दुसऱ्या नाल्यापाशी फुलवंता गेली. मुलगी आहे, शेजारची रमिलाबाई तिला पाजते. तुझा कागद द्यायची आता घाई नाही.

माया कमी झाली नाही, पण होळीला घरी येऊ नकोस.

नवलसिंग