पातं वळवायला दुसरा माणूस

रविवार, २७ ऑक्टोबर १९८५

नारळ चंद्रशेखरने फोडला!

लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच वाटेल की मी उगीच चिडलो. सगळ्यांना सुट्टी म्हणून दसऱ्याची पूजा आज. गुरूच्या गॅरेजमध्ये ट्रॅक्टर धुऊन-पुसून ठेवलेला, हुडवर मीनाक्षीवहिनींनी वाहिलेली पिवळी शेवंती. दर वर्षी हळदकुंकू गुरुदत्त लावतो, नारळ मी फोडतो. कुणी ठरवून दिलेलं नाही, पण ट्रॅक्टर आला तेव्हापासून असंच चालत आलंय. ट्रॅक्टर दोघांचा आहे. एकोणऐंशीच्या त्या भयंकर बर्फानंतर दारातलं बर्फ काढायला आम्ही मिळून घेतला. त्याचं गॅरेज मोठं म्हणून तिथे राहतो, एवढंच.

मला थोडा उशीर झाला, कबूल. पण थांबायचं की नाही? मी पोचलो तर नारळाची भकलं ताटात आणि चंद्रशेखर रुमालाला हात पुसतोय. गुरू म्हणाला, "अरे हेम, ये ये. प्रसाद घे." प्रसाद घे! मी काय पाहुणा आहे?

हा चंद्रशेखर मार्चमध्ये बेलव्ह्यूहून इथे नेपरव्हिलला आला. गुरूच्या मागच्या गल्लीत घर. इलेक्ट्रॉनिक्सवाला. आल्या आल्या अंगणात मांडवाएवढी टीव्हीची डिश बसवली. आणि आता गुरूच्या गॅरेजमध्ये त्याचा हात कुठला स्क्रू ड्रायव्हर कुठे आहे ते न विचारता शोधतो. मला वाटायचं ते फक्त मलाच येतं.

कांचन म्हणाली, "अहो, एका नारळासाठी एवढं तोंड पाडून बसायचं?" हिला नारळच दिसतो.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

कांचनने दुकानातून नारळ आणला. माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "घ्या, फोडा." मला हसू आलं नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

गुरूचा फोन आला, ये, गंमत दाखवतो. गेलो. चंद्रशेखर ट्रॅक्टरखाली आडवा, फक्त पाय बाहेर. काय चाललंय तर बर्फ ढकलायचं पुढचं पातं मोटरवर फिरवायचं! डिश इकडून तिकडे वळवायला जो विजेवर लांब-आखूड होणारा दांडा असतो, तसला एक जुना दांडा याच्याकडे पडून होता. त्याचं एक टोक चौकटीला, दुसरं पात्याला. सीटजवळ एक बटण. वर दाबलं की पातं डावीकडे वळतं, खाली दाबलं की उजवीकडे. कुंईऽऽ आवाज करत, सावकाश, पण वळतं.

"आता उतरायला नको, हेम," गुरू म्हणाला. "एकटा माणूस सगळा ड्राइव्ह-वे साफ करू शकतो."

एकटा माणूस. हे त्याने माझ्याकडे बघून सांगितलं, मी खूश होईन अशा अपेक्षेने.

आम्ही सात हिवाळे हे काम कसं केलं ते याला आठवत नाही का? एकजण चालवणार, दुसरा पात्याच्या बाजूने चालणार. टोकाला पोचलं की दुसऱ्याने वाकून पिन उपसायची, पात्याला लाथ घालून ते दुसऱ्या बाजूला वळवायचं, पिन घालायची आणि हुडवर थाप मारायची. थाप पडली की गाडी पुढे. नाहीतर बर्फ शेजाऱ्याच्या दारात जाऊन पडतं. आधी त्याचं घर, मग माझं, मग मीनाक्षीवहिनींचा आल्याचा चहा. हातमोजे हीटरवर वाळत घालून आम्ही ऑफिसला शिव्या घालायचो. मी तर खाली उतरायला लागतं म्हणून कधी कुरकुरलो नाही. उलट थंडी पडायला लागली की मला बरं वाटायचं.

आणि मला विचारलंसुद्धा नाही. अर्धा ट्रॅक्टर माझा. पातं कुणाच्या अर्ध्यात येतं ते तरी ठरवायचं होतं.

मी म्हटलं, "छान आहे." आणि घरी आलो.

सोमवार, २ डिसेंबर

पहिलं मोठं बर्फ. सवयीने उजाडायच्या आत उठलो, एक बूट घातला, दुसरा घालतोय तेवढ्यात बाहेर आवाज. खिडकीतून पाहिलं तर गुरू आमच्या ड्राइव्ह-वेवर! त्याचा झालेला होता, आता आमचा. पुढे येतो, कुंईऽऽ, पातं वळतं, मागे जातो. कुणी वाकत नाही, कुणी थाप मारत नाही. मी एका पायात बूट घालून पडद्याआड उभा.

त्याने खिडकीकडे बघून हात केला. मी मागे सरकलो.

मृणालिनी जिन्यावरून बघत होती. "डॅड, आर यू हायडिंग फ्रॉम गुरूकाका?"

मी म्हटलं, बूट शोधतोय. ती माझ्या पायाकडे बघून म्हणाली, "इट्स ऑन युअर फूट." बारा वर्षांची आहे, सगळं कळतं तिला.

मंगळवार, ३ डिसेंबर

पुन्हा बर्फ, पुन्हा तेच. चहाला बोलावणं आलं. डोकं दुखतंय म्हणून कळवलं.

शनिवार, १४ डिसेंबर

आज एक गोष्ट दिसली आणि मी मूग गिळून बसलो.

गुरूकडे फावडं परत द्यायला गेलो होतो. तो आत फोनवर, खूप वेळ. हल्ली सारखा फोनवर असतो. मी गॅरेजमध्ये एकटा. ट्रॅक्टरपुढे उकिडवा बसून ते काम नीट पाहिलं. वायरिंग सुरेख, नाव ठेवायला जागा नाही. पण दांडा पात्याला चांगल्या जाड, पक्क्या बोल्टने आवळून टाकलाय. हा इलेक्ट्रॉनिक्सवाला! अरे, बर्फाखाली रस्त्याच्या कडेचा दगड असतो. पातं त्याच्यावर आपटलं की धक्का कुठे जाणार? आमची पिन तुटायची. पिन तुटली की दुसरी घालायची. इथे मुद्दाम एक कच्चा बोल्ट हवा, म्हणजे तो तुटेल आणि दांडा वाचेल. एवढं तर आमच्याकडे मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं.

गुरू बाहेर आला. "काय बघतोस?"

"काही नाही," मी म्हटलं.

तो ट्रॅक्टरपाशी आला. मग म्हणाला, "तू एकदा चालवून बघ ना, हेम. एकट्याने."

"मला कशाला? तुझं चाललंय की छान."

घरी येताना मी शीळ घालत होतो. वाकू दे तो दांडा. मग कळेल मेकॅनिकल माणूस कशाला लागतो ते.

बुधवार, १ जानेवारी १९८६

काल रात्री गुरूकडेच सगळे. चंद्रशेखर येईल त्याला गॅरेजमध्ये नेऊन बटण दाखवत होता. "गुरू आणि मी मिळून डेव्हलप केलं, यार." गुरू आणि मी! गुरूचा हात त्याच्या खांद्यावर. त्या खांद्याकडे मी किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक.

आता इथे कोण वाचतंय, तर सरळ लिहितो. मला मत्सर वाटतो. मशीनचा नाही. मशीन गेलं खड्ड्यात. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या मी, आणि मित्राने दुसरा मित्र केला म्हणून माझ्या पोटात दुखतं. गुरू आणि मी एकाच विमानाने या देशात आलो. पहिल्या खोलीत एकच गादी होती, आलटून पालटून झोपायचो. इथे भाऊ नाही, मामा-काका नाहीत, तो एक होता. आणि आता त्याने असं यंत्र केलंय की त्याला मी लागतच नाही.

गाडीत कांचन म्हणाली, "एकदा जाऊन चालवून बघा ना ते. त्यांना बरं वाटेल." महिनाभर हिचं हेच टुमणं. मी विचारलं, तुझं काय एवढं अडलंय? तर खिडकीबाहेर बघत बसली.

शनिवार, १८ जानेवारी

वाकला! दांडा वाकला.

मीनाक्षीवहिनींकडे आज संक्रांतीचं हळदीकुंकू. तीन वाजता बायका येणार आणि सकाळपासून बर्फ थांबायचं नाव घेईना. जेवणानंतर गुरू ट्रॅक्टर घेऊन उतरला. मी समोर आमच्या खिडकीत. रस्त्याच्या तोंडाशी वळताना पातं बर्फाखालच्या दगडावर गेलं. आवाज इथपर्यंत आला. पातं घराच्या बाजूला तिरकं होऊन तसंच अडकलं, बटण दाबून हलेना.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? पार उकळ्या फुटल्या.

मग गुरू खाली उतरला आणि खांदा लावून पातं ढकलायला लागला. एकटा. हलत नव्हतं. पुन्हा ढकललं. पाय घसरून गुडघ्यावर बसला, उठला, कपडे झटकले. आमच्या खिडकीकडे बघितलंही नाही. मला वाटलं होतं, बघेल.

कांचन पैठणीखाली माझे बूट घालून, चपला पिशवीत घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "मी जाते. तुम्ही बसा बघत." हे इतक्या थंडपणे म्हणाली की मी फावडं उचललं.

गुरू, मी आणि धावत आलेला चंद्रशेखर, तिघांनी हाताने वाट काढली. बायका ओळीने साड्या वर धरून आत गेल्या. चंद्रशेखर सारखा म्हणत होता, "सॉरी यार गुरू, माझंच चुकलं, माझंच कॅल्क्युलेशन गंडलं." मला त्याच्याकडे बघवेना. त्याचं चुकलं होतं खरं, पण मला महिनाभर ठाऊक होतं.

रविवार, १९ जानेवारी

सकाळी अवजारांची पेटी घेऊन न बोलावता गेलो. दांडा काढला, शेगडीवर तापवून सरळ केला, पात्याकडच्या टोकाला कच्चा बोल्ट घातला. गुरू टॉर्च धरून उभा. बोल्ट आवळून झाल्यावर म्हणाला,

"हे तुला आधीच दिसलं होतं ना?"

"हो."

"त्या दिवशी, फावडं द्यायला आलास तेव्हा."

"हो."

मला वाटलं, आता बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं. पण तो म्हणाला, "मला वाटलं होतं, तू ओरडशील. हे काय गाढवासारखं केलंय म्हणून. वाट बघत होतो." आणि खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या काळ्या हातावर तिळगूळ ठेवला. "घे. गोड बोल. निदान बोल तरी."

मी बोललो. म्हणजे, गाढवासारखं केलंय, एवढंच म्हटलं. तो इतका हसला की मीनाक्षीवहिनी डोकावून गेल्या.

मग त्याने मला सीटवर बसवलं. सीट माझ्या मापाला पुढे घेतली, बटणाची जागा माझ्या हाताला येते का ते दोनदा विचारलं. मी त्याचा सगळा ड्राइव्ह-वे एकट्याने साफ केला. तो खिशात हात घालून बाजूला उभा. खरंच सोपं आहे. शेवटी म्हणाला, "ट्रॅक्टर तुझ्याकडेच ने. माझ्या गॅरेजमध्ये जरा पसारा झालाय."

सात वर्षांनी ट्रॅक्टर माझ्या गॅरेजमध्ये! मुद्दाम मागच्या गल्लीने वळसा घालून चंद्रशेखरच्या घरावरून हळू नेला. त्याने बघितलं असेल तर उत्तम.

सोमवार, २७ जानेवारी

गुरूच्या अंगणात घर विकायचा बोर्ड लागला.

त्याची कंपनी प्लेनोला हलतेय, टेक्ससमध्ये. मार्चमध्ये जाणार. कांचनला दसऱ्यापासून माहीत होतं, वहिनींनी शपथ घातली होती. चंद्रशेखरलाही माहीत होतं. गुरू त्याला म्हणाला होता, मी गेल्यावर हेमला पिन घालायला कुणी नाही, त्याला एकट्याला जमेल असं काहीतरी करून दे.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"तुला सांगितलं असतं, तर तू हा सगळा विंटर माझ्याशी बोलला नसतास."

न सांगता तरी मी कुठे बोललो?