‘काहीच झाले नाही’ या उत्तराच्या गुणांबाबत

मी, सौदामिनी ईश्वरप्पा बिराजदार, वय सत्तावीस, अविवाहित, रसायनशास्त्राची शिक्षिका, राहणार लातूर. येत्या गुरुवारी सोलापूरला माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर दोनदा ‘घाबरू नका’ म्हणाले, म्हणून हे लिहून ठेवत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. कोणाचा दबाव नाही. अक्षर हलले आहे ते माझ्या स्वभावामुळे.

१. निलंग्याचे दोन खोल्यांचे घर व बँकेत असेल ते सर्व आईला. भाऊ मुकुल याने कुरकुर करू नये. त्याला माझी लुना दिली आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी.

२. बाबांचा तराजू, बारा परीक्षानळ्या आणि स्पिरिटचा दिवा यांविषयी थोडे सांगणे भाग आहे. बाबा माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत. मला चौथीपर्यंत त्यांनी घरीच शिकवले. हळदीवर चुन्याची निवळी टाकायचे आणि आधी विचारायचे, “काय दिसलं?” नाव, नियम सगळे नंतर. त्र्याण्णवच्या भूकंपात शाळा पडली, तेव्हा त्यांनी ढिगाऱ्यातून हे साहित्य काढले आणि पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरवला. घरची माणसे गेलेली मुलेही नळीत काय होते ते बघायला पुढे सरकायची. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून मला माफी नाही.

३. मी शिकवते त्या खासगी क्लासचे मालक सिद्धेश्वर सर यांना त्यांचा माइक परत द्यावा. दोनशे मुलांकडून संयुजा गाण्याच्या चालीवर घोकून घ्यायला तो मला दिला होता. मुले डोळे मिटून गायची. एकाने तरी कधी “का?” असे विचारले असेल, तर मला आठवत नाही. या पद्धतीची मला किळस येते, आणि तिच्यात मी चार वर्षे तरबेज होते याची जास्त. माझ्या ‘हमखास प्रश्नां’च्या वह्या सरांना देऊ नयेत. बंबात घालाव्यात.

४. मागच्या ऑगस्टात दहावीच्या खास तुकडीसाठी क्लासमध्ये चाचणी होती. सोडियम सल्फेटच्या द्रावणात बेरियम क्लोराइड घाला, काय दिसते ते लिहा. चौसष्टपैकी त्रेसष्ट मुलांनी लिहिले, ‘पांढरा अवक्षेप’. शिरूर अनंतपाळच्या पंचशीला नरसिंग कांबळे हिने लिहिले, ‘काहीच झाले नाही’. त्याआधी तिने मला विचारले होते, “मॅडम, बघून लिहू का पाठ केलेलं लिहू?” मी म्हणाले, “पुस्तकात हाय तेच लिही.” मी तिला शून्य दिले.

नळ्या धुणाऱ्या चांगुणाबाई संध्याकाळी म्हणाल्या, “बाई, ती बाटली रिकामी व्हती. सर म्हनले, पानी वता, कोन बगतंय?”

म्हणजे चौसष्ट नळ्यांत बेरियम क्लोराइडऐवजी नुसते पाणी मिसळले होते. मी सरांकडे गेले. ते म्हणाले, “खास तुकडीची यादी लागलीय. एका पोरीसाठी त्रेसष्ट जणांना खोटं पाडता का?” मी गप्प बसले. पंचशीला खास तुकडीतून वगळली गेली. गेल्या आठवड्यात तिचे वडील भेटले. म्हणाले, “पोरगी म्हणालीय, रसायन मला जमत न्हाई. निकाल लागला की आर्ट्सला जाते. खोटंच पाठ करायचं तर गोष्टीवाला विषय बरा.” ते हसले.

~~५. कलम दोनमधील सर्व साहित्य पंचशीला नरसिंग कांबळे हिला द्यावे. सोबत माझ्या सहीने सांगावे की तिचे उत्तर बरोबर होते, पैकीच्या पैकी गुणांचे होते, आणि चूक माझी होती.~~

६. कलम पाच मी खोडले आहे. खाडाखोडीवर सही केली आहे. कारण असे की मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात, आणि तोवर दहावीचा निकाल लागून पंचशीला आर्ट्सला गेलेली असेल. मी जगले तर हा कागद कपाटात राहील, आणि मी पुन्हा गप्प बसेन. मला माझी खात्री नाही. तराजू व नळ्या गोधडीत बांधल्या आहेत. उद्या सकाळी सातच्या एसटीने शिरूर अनंतपाळला जात आहे.

ठिकाण: लातूर
दिनांक: ८ जून २००३
सही: सौदामिनी ईश्वरप्पा बिराजदार

आमच्यासमोर वाचून सही केली:
१. माणिकप्पा शिवलिंग स्वामी, शेजारी (सही)
२. चांगुणा ग्यानोबा सूर्यवंशी (डाव्या हाताचा अंगठा)