साहेबांच्या पायरीवरचा ठिपका

३ मार्च
पोहोचले एकदाची! खोली वरच्या मजल्यावर, खिडकीतून थेट बंदर दिसतं. मी सीलच्या कामाला आलेय म्हटल्यावर घरमालकीणबाईंचा चेहराच पडला. घराला सील ठोकायला आले, असं वाटलं त्यांना! समुद्रातला प्राणी म्हणून समजावल्यावर चहा मिळाला. कातड्यासाठी मारून मारून इथले सील संपत आले होते, आता पुन्हा वाढताहेत. ते किती वाढतील, कुठवर पसरतील, याचा अंदाज मी कॉम्प्युटरवर बांधायचा. सुट्टी लागली की लेकीलाही इथे आणणार.

११ मार्च
माझा अंदाज म्हणजे नकाशावरचे लाल ठिपके. जिथे ठिपका, तिथे दुसऱ्या दिवशी सील हजर! साहेबांनी मात्र बैठकीत सगळं स्वतःच्या नावावर खपवलं. वर मला म्हणाले, तुम्ही आकडे भरा बाई, डोकं आम्ही लावतो. तळपायाची आग मस्तकात गेली. निघताना एक ठिपका दिला ठेवून त्यांच्या घरावर. टेकडीवर, जिथून समुद्र दिसतसुद्धा नाही.

१२ मार्च
साहेबांच्या पायरीवर सील! काठीने हाकलताना त्यांची पार भंबेरी उडाली म्हणे. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. ठिपका तसाच ठेवलाय.

१४ मार्च
साहेब गायब. त्यांची बायको सांगत होती, दार सताड उघडं, पायरीवर कपडे आणि चष्मा, तिथून खाली समुद्रापर्यंत ओला पट्टा. आज खडकावरची मोजणी एकाने जास्त भरली. हा नवा नर इतरांसारखा लोळत नाही. मान वर करून माझ्याकडेच बघतो. ती तुच्छ नजर मी ओळखते.

१६ मार्च
ठिपका पुसला. पुन्हा उगवला, टेकडीच्या खाली, बाजारात. मी दिलेला नाही. दुपारपर्यंत आमच्या गल्लीच्या तोंडाशी. एका नरावर कळप वाढत नाही, मादी हवी, पिल्लू हवं — मीच शिकवलंय हे त्या कॉम्प्युटरला. लेकीला फोन लावतेय, येऊ नकोस म्हणून. लागत नाही —

१७ मार्च
लेक दारात. आईला चकित करायचं होतं म्हणे. ठिपका आमच्या घरावर. शेजारी आकडे: मादी एक, पिल्लू एक. या वेळी ते साहेबांनी भरलेत.

जिना ओला. दाराला कपाट लावलं. बाहेर खाकरणं — बैठकीआधी साहेब खाकरायचे तसंच. माफी मागितली. ओरडून मागितली. मला न्या, तिला नको —

लेक हात दाखवतेय. बोटं जुळत चाललीत तिची, आणि ती खिदळतेय, म्हणते, आई, तुझीपण —

पेन धरव