समोरची मोकळी जागा

नांदेड,
१४ ऑक्टोबर २०२४

ती. सिंधुताईस,
दयानंदचा शि. सा. नमस्कार. फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून दाजींच्या हुकुमावरून पत्र लिहितोय. राग निलंग्याला पोचेपर्यंत थंड होतो म्हणे.

तू आमच्या कॉलनीला जंगल म्हणतेस. आपण समोरासमोर प्लॉट घेतले तेव्हा इथं ज्वारी होती, हे खरं. आता रस्ता झाला, दिवे आले. शेजारी भोकरचे धम्मानंद आणि लुंबिनी, मागे धर्माबादकडची नरसम्मा, कोपऱ्यावर उदगीरचे मडिवाळप्पा. नळ आला की गल्लीतल्या सगळ्या भाषा एकदम ऐकायला मिळतात. परवा समोरच्या मोकळ्या जागेत नरसम्माचा बतुकम्मा झाला, तो तेलुगू बायकांचा फुलांचा सण, तुझी भावजय सुकन्यासुद्धा फुलांभोवती नाचली. एप्रिलमध्ये तिथंच धम्मानंदनं भीमजयंतीला सगळ्या कॉलनीला जेवू घातलं.

डिसेंबरात दाजी रिटायर झाले की इकडंच घर बांधा. आई-दादा गेल्यावर आपण दोघंच उरलो. तू समोर असावीस असं फार वाटतं.

लोभ आहेच, त्याला अधूनमधून भांडणाचं खत घालत जा.
तुझा,
दया

निलंगा,
१० नोव्हेंबर २०२४

चि. दयानंदास अनेक आशीर्वाद.
तुझं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं, एकदा मला आणि एकदा एसटी डेपोत सगळ्यांना. ठरलं, आम्ही संक्रांतीला येतो. गवंडी बघून ठेव. पाया आखायची पांढरी फक्की मी पोतंभर इथूनच आणते. तुझ्या भरवशावर राहिले तर तुझ्या गच्चीवरच्या सळयांसारखं व्हायचं. वरचा मजला, वरचा मजला म्हणत दहा वर्षं झाली, त्या आपल्या गंजून राहिल्यात.

आता एक सांग. तुझ्या घरासमोर तर माझा प्लॉट आहे. मग ती मोकळी जागा कुठली?

सुकन्याला आशीर्वाद. माया असेल तर उत्तर खरं दे.
तुझी,
ताई

नांदेड,
२१ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस शि. सा. नमस्कार.
तीच. जो आला त्याला एकदाच म्हणून हो म्हटलं. नाही म्हणणं मला कधी जमलंय?

तू बांधणार हे कळल्यापासून गल्ली गप्प आहे. मडिवाळप्पांनी लेकीचं लग्न तिथं धरलं होतं, ते मुकाट्यानं मंगल कार्यालय शोधून राहिलेत. धम्मानंद म्हणतो, ताईंची जागा हाय, त्यांनी बांधावंच. लुंबिनीनं तर गवंडीही सुचवला. कोणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. तू यावीस आणि जागाही राहावी, हे दोन्ही मागायचं तोंड मला नाही. तू ये.

दाजींना नमस्कार. माझ्यावरचा राग एसटीच्या टपावर टाकून या.
तुझा,
दया

निलंगा,
१९ जानेवारी २०२५

चि. दयानंदास अनेक आशीर्वाद.
सुखरूप पोचलो. निघताना तुझ्याशी बोलले नाही, कारण चारचौघांत रडू आलं असतं.

संक्रांतीच्या सकाळी तू नदीवर आंघोळीला गेला होतास, म्हणून तुला अर्धंच ठाऊक. फक्कीचं पोतं मी रात्री प्लॉटच्या कडेला ठेवलं. नरसम्माला वाटलं, नवी शेजारीण सगळ्या गल्लीसाठी रांगोळी घेऊन आली. तिनं पहाटे बायका गोळा केल्या आणि अख्ख्या प्लॉटभर संक्रांतीची रांगोळी घातली. पोतं झाडून रिकामं. मला हाताला धरून दाखवायला नेलं, आणि ताई मनानं लई मोठी हाय असं सगळ्यांना सांगत सुटली. गवंडी दोरी घेऊन आला तो चपला काढून कडेलाच उभा राहिला. मलाही त्यावर पाय टाकवेना.

मी घर बांधणार, पण तुझ्या घराच्या वर. मजल्याचा खर्च आमचा. जिना बाहेरून हवा, भांडण झालं की तुझ्या घरातून जायला नको. प्लॉट माझाच राहील, आणि मांडवाला यापुढे मला विचारायचं, तुझ्या होकाराला काही किंमत नाही. मडिवाळप्पांना म्हणावं, कार्यालय शोधू नका.

गवंड्याला उद्याच सळया घासायला लाव. दहा वर्षं त्या माझीच वाट बघत होत्या, तर एकदा तोंड उघडून सांगायचंस की रे.

सुकन्याला आशीर्वाद. लोभ आता जिना चढून वर आणून देत जा.
तुझी,
ताई