धुतलेली वांगी

शनिवार, संध्याकाळ. लोणावळा

चिडचिड जात नाहीये अजून. सूनबाईच्या मैत्रिणी येणार, म्हणून आंदर मावळातून भावानं पाठवलेली चार मोठी वांगी मागच्या अंगणात गोवऱ्यांवर भाजली. पाऊण तास धूर खाल्ला. मग पातेल्यात झाकून ठेवली आणि कोथिंबीर आणायला गेले. झाकलं की साल आपसूक सुटते, एवढं तिला सांगायचं राहिलं. पण भाजलेलं वांगं धुवायचं नसतं, हे काय सांगावं लागतं?

परत आले तर सगळी वांगी पाण्यात बुचकळून धुतलेली. "आई, किती काळं होतं सगळं! आता बघा, कसं पांढरंशुभ्र!" माझं काम वाचवायला राबली होती बिचारी. त्याचंच भरीत केलं.

मैत्रिणींनी टोस्टचे तुकडे बुडवून बुडवून भरीत संपवलं. "काकू, मस्त! अजिबात धुराचा वास नाही." नाही ना! तेच तर!

आत्ता भांडी घासायला बसले, तर वांगी धुतलेलं काळं पाणी पातेल्यात तसंच होतं. घमघमत होतं. भाकरीचा तुकडा त्यात बुडवून तोंडात टाकला.

भरीत हे होतं.