क्रमांक सात, खोली दोन

४ ऑगस्ट

गट जाहीर झाले. मी, मौनी आणि बाई! झालं कल्याण.

मौनी म्हणजे मागच्या बाकावरचा, मान हलवून बोलणारा. त्याचं एक वेळ चालेल. पण बाई! पन्नाशीच्या आहेत. उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवली आणि आता आमच्याबरोबर कॉम्प्युटरच्या एम.एस्सी.ला बसतात. सगळा वर्ग त्यांना बाईच म्हणतो. इथे कशा आलात, विचारलं तर म्हणाल्या, "मुलगी म्हणाली, आई, तुला नाही जमायचं. म्हणून आले."

काम डोळ्यांच्या दवाखान्याचं आहे. तिथे रुग्णांना नंबर ओरडून आत बोलावतात. आम्ही असं करायचं, की नंबर भिंतीवरच्या स्क्रीनवर दिसेल आणि ऐकूही येईल. स्क्रीन माझी, आवाज बाईंचा, नंबरच्या चिठ्ठ्या मौनीच्या.

वर सरांचा नियम – ज्याला येतं त्याने दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही! नुसतं तोंडाने सांगायचं. म्हणजे उंटावरून शेळ्या हाका.

वर्गातल्या एकाला पुढच्या वर्षी सरांच्या प्रयोगशाळेत जागा मिळणार आहे. या कामावरूनच ठरेल. मला ती हवीच. नाहीतर दादाचं फरशांचं दुकान आहेच. बाबांनी या जागेचा निकाल लागेपर्यंत मुदत दिली आहे, ती संपली की मी गल्ल्यावर.

७ ऑगस्ट

बाईंचा एक स्वल्पविराम हरवला होता. "वरच्या ओळीत, बाई. त्याच्या वरची. नाही, ती खालची झाली!" माझे हात शिवशिवत होते. बाई शांत. "घाई कुणाला आहे?" म्हणाल्या. मला आहे ना!

११ ऑगस्ट

मौनी आज बोलला. "चहा?" एवढंच.

१८ ऑगस्ट

बाईंचा आवाज चालला! त्यांनी स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या. "क्रमांक सात, खोली दोन." मग लगेच पुन्हा – "क्रमांक सात, खोली दोन." एकदा सांगून भागतच नाही.

दोनदा का बोलतंय ते बाईंना कळेना. "उद्या शोधते," म्हणाल्या. यांचा उद्या म्हणजे पुढचा आठवडा! आणि सोमवारी दवाखान्यात चाचणी. यांच्यापायी माझी जागा जायची.

१९ ऑगस्ट

केलं. घरी बसून बाईंचा सगळा भाग पुसला आणि माझा टाकला. त्यांचं वाचत बसलो नाही. एवढं लांबण कोण वाचणार? माझं सुटसुटीत आहे. एकदाच बोलतं, झटकन. नियम मोडला, मान्य. पण घोडं तर गंगेत न्हालं!

२० ऑगस्ट

बाईंना आल्या आल्या कळलं. वाटलं, आता कान पिळणार. छे! खुर्ची ओढली आणि माझं वाचत बसल्या. मग एका ओळीवर बोट. "ही कशाला?" सांगितलं. "आणि ही?" सांगितलं. "आणि ही रे?"

ती मी कुठूनतरी उचलली होती. का लागते ते मलाही माहीत नाही. म्हटलं, "राहू द्या, असते ती." बाई म्हणाल्या, "बरं." नुसतं बरं! त्यापेक्षा दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

२४ ऑगस्ट

चाचणी. पार फजिती!

बसलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब – नीट दिसत नाही, उजेड सोसत नाही. अर्धेअधिक लोक डोळे मिटून बसलेले, आणि मी भिंतीवर लखलखीत स्क्रीन लावून उभा! एक आजोबा म्हणाले, "समोर दिवा कसला लावलाय हो? बंद करा, टोचतोय."

आवाजाचंही तेच. गप्पांच्या नादात असलेल्या माणसांच्या कानापर्यंत पोचेस्तोवर तो बोलून मोकळा. "काय म्हणाला?" "कितवा?" शेवटी चिठ्ठ्या देणारी मुलगी उठली आणि पूर्वीसारखी ओरडायला लागली.

आधी इथे येऊन आम्ही भिंत मोजली होती, तारा मोजल्या होत्या. बसलेल्या माणसांकडे एकानेही पाहिलं नाही. बाईंनीही नाही.

परतताना बाईंना हसू आवरेना. "अरे, माझं खुळं दोनदा ओरडायचं तेच बरं होतं की! पहिल्यांदा कान टवकारायचे, दुसऱ्यांदा ऐकायचं."

"पण बाई, ती चूक होती."

"होतीच. मला अजून सापडलेली नाही."

२५ ऑगस्ट

जुनं काम साठवलेलं असतं, त्यातून बाईंचा भाग परत काढला. आज पहिल्यांदा वाचला. जागोजागी त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवलंय – 'इथे अडले.' 'पुन्हा अडले.' 'आता समजले, पुढे चला.' चूक मला लगेच दिसली. एकच आज्ञा दोन ठिकाणी पडली होती.

लाज वाटली. बाईंनी इतके दिवस खपून केलेलं मी न वाचता पुसलं होतं.

दोन बोलण्यांच्या मधे जरा थांबायला हवं होतं. ते कसं करायचं ते मी सांगितलं, केलं बाईंनी. अख्खी दुपार गेली. गेली तर गेली.

१ सप्टेंबर

दुसरी चाचणी. या वेळी स्क्रीन काळी, अक्षरं मोठी आणि मंद. आवाज दोनदा. माणसं आपापली उठून खोलीत गेली! चिठ्ठ्यांवाल्या मुलीने घसा खाकरला आणि म्हणाली, "सुटले बाई."

८ सप्टेंबर

सरांसमोर तोंडी परीक्षा. प्रत्येकाने दुसऱ्याचं काम समजावून द्यायचं होतं. बाईंनी माझी स्क्रीन ओळ न् ओळ सांगितली. अडखळल्या, पण एकही ओळ सोडली नाही.

सरांना आवाज आवडला. "दोनदा बोलायचं कुणाला सुचलं?" मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "याला." बोट माझ्याकडे! सरांनी लिहून घेतलं. मी बुटांकडे बघत बसलो.

बाहेर आल्यावर विचारलं, "असं का केलंत?"

"मला कुठे फरशा विकायच्यात?" म्हणाल्या, आणि पिशवी उचलून चालू लागल्या.

१२ सप्टेंबर

जागा मला!! आई फोनवर रडली. बाबा म्हणाले, "दुकानाचं नाव काढत नाही आता." बाईंनी पाठीवर थाप मारली, चांगली जोरात.

मी खोटं बोललेलो नाही. गप्प बसलो, एवढंच.

१४ सप्टेंबर

मौनी आज अख्खं वाक्य बोलला. कॅन्टीनमध्ये, समोर बसून – "आवाज बाईंचा होता ना?"

म्हटलं, "अरे, बाईंनीच तसं सांगितलं सरांना." त्याने मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. ताट तसंच ठेवून उठलो.

१५ सप्टेंबर

सरांना सगळं सांगून आलो. पुसल्याचंही. जागा बाईंना गेली. बाई माझ्यावर भयंकर चिडल्यात – त्यांचं काम पुसलं तेव्हाही इतक्या चिडल्या नव्हत्या. दादाला फोन केला. म्हणाला, "सोमवारी लवकर ये, नवा माल उतरवायचाय."