आपल्या घरातून खांबाकडे

बाबा, सोमवारी सकाळी देवपूजा झाल्यावर मी गावच्या वायरमनला बोलावलं. आता तुमच्या जागी वायरमन म्हणजे खालच्या आळीतली सून आहे. साडी खोचून खांबावर चढते, तुम्ही पाहायला हवं होतं. छपरावर सोलर बसलं होतं, पण त्याची वीज लाइनवर सोडायला मन धजत नव्हतं. मला तुमचा हात दिसत होता. वादळानंतर तुम्ही डीपीवरून लाइन बंद करून खांबावर चढलात आणि कुणीतरी मेन स्विच न पाडताच जनरेटर घरातल्या प्लगला जोडला. बंद लाइनमध्ये उलटी वीज आली. त्यानंतर भात कालवायलाही तुम्हाला आईचा हात लागायचा. दवाखान्यातून आल्या आल्या तुम्ही बजावलंत, "आपल्या घरातनं खांबाकडं वीज जाता कामा नये."

इतकी वर्षं तो शब्द पाळला. पण आपलं घर लाइनच्या शेवटी. दुपारी लॉजवर पाहुण्यांचे एसी लागले की ट्यूब नुसती फडफडते. मागच्या वादळात पंप बंद पडला, तेव्हा आळीतल्या बायका कळश्या घेऊन कुठवर गेल्या! खालच्या आळीत चार छपरांवर सोलर आलं, तर तिथला दुपारचा विजेचा दाब टिकतोय. जिथे लागते तिथेच वीज तयार होते.

मी तिला म्हटलं, "भर उन्हात आमची लाइन तोड. खांबाकडे काही येतंय का बघ." सोलर लाइनला जोडायचं बटन चाचणीपुरतं तिनंच वर केलं, मग खांबावरचा फ्यूज काढला आणि आपल्या घराकडच्या तारेला टेस्टर लावला. तार थंड. घरात मात्र बॅटरीवर पंखा फिरत होता. "लाइन गेली की ह्यो सोलरचा इन्व्हर्टर खांबाकडं आपणहून गप बसतो, काका. मान्सांपरीस शहाना हाय," ती हसली. तरी हात लावण्याआधी तिनं अर्थिंगची साखळी टाकलीच, एरवी तुम्ही टाकायचात तशी. मी विचारलं, "विश्वास नाही होय?" "हाय ना. पण घरी पोर वाट बघतंय."

फ्यूज परत बसवून तिनं बटन खाली केलं. "आता तुमचं तुमी ठरवा."

हे पत्र आता कुठे धाडणार? तुमचा शब्द मोडला, बाबा. बटन मीच वर केलं. त्या वेळी देवाचं नाव घ्यायचं राहूनच गेलं; तोंडात तुमचंच आलं.